उजवीकडे

जन्मली तेव्हा तीन दिवस काचेच्या पेटीत होती दुर्वा.
घरी आली ती नाक वाहतच.
शेजारीण म्हणाली, "जातला गो, पावसातली पोर ती."
गेलं नाही.

नऊ वर्षं खोकला. कान फुटायचे, सुकायचे, परत फुटायचे.
विजयदुर्गच्या धक्क्यामागे बांगडे सुकत असताना
शाळेतल्या मुली नाक धरून पळायच्या,
ही सावकाश यायची, मधोमध.
मला वाटायचं, गाबताची पोर, वासाला लाजत नाही.
तिला वासच येत नव्हता.

टीबीच्या गोळ्या दोनदा. आधी सहा महिने, मग आठ.
लघवी तांबडी झाली, बेडका होता तसाच.
कणकवलीच्या एक्स-रेवाल्याने फिल्म उजेडाला धरली,
"उलटी लागली," म्हणाला,
पलटून कोपऱ्यात पेनाने लिहून दिलं: डावी.
तीन वर्षं तो फोटो पिशवीतून फिरवला आम्ही.
फिल्म बरोबर होती.

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी नळी डावीकडे टेकवली,
थांबल्या,
उजवीकडे नेली,
आणि बराच वेळ तिथून उचललीच नाही.

मग नाकातून ब्रशने खरवडून घेतलं, मुंबईला धाडलं.
अहवाल इंग्रजीत. बाईंनी तो पालथा घालून मागे चित्र काढलं:
श्वासनळीला आतून केस असतात, डोळ्याला न दिसणारे,
सेकंदाला दहा-बारा वेळा, सगळे एका ठेक्यात,
धूळ, जंतू, कफ वर लोटत नेतात घशापर्यंत.
"वल्ही?" मी विचारलं.
"वल्हीच. पण मारणाऱ्यांना हात नाहीत."
एकेका केसात गोलाकार नऊ जोड्या, मधे दोन नळ्या,
प्रत्येक जोडीला इवले हात हवेत.
हिच्या फोटोत नुसत्या जोड्या.

पोटातसुद्धा, म्हणाल्या, असेच केस थोडं पाणी एका दिशेला ढकलतात,
त्यावरून ठरतं काळीज कुठल्या कुशीला.
ते हलले नाहीत की छापा-काटा.

मी होड्यांच्या फटी बुजवतो. कापसाची वात, राळ, पटाशी.
बोट फिरवून सांगतो कुठून पाणी शिरेल.
माझ्यात एक चीर होती, अनुजात तीच एक,
दोघंही तरंगत राहिलो, कळलं नाही.
पोरीत दोन्ही एका जागी आल्या.
अनुजा माझ्या मामाची. जी माझी मावशी तीच तिची आते,
खोकत खोकत गेली शहात्तर साली,
तिची भांडी वेगळी होती.
"दोष कुणाचाच नाही," बाई दोनदा म्हणाल्या.
परतीच्या एसटीत, गगनबावड्याच्या घाटात,
अनुजा एवढंच बोलली:
"आतेचा हातरूण जाळूक नको होता."

आता पहाटे खाऱ्या पाण्याची वाफ.
अंगणापलीकडे अख्खा समुद्र,
आणि आम्ही खारं पाणी बाटलीतून विकत आणतो.
लाईट गेली की मशीनसुद्धा गप्प, मग मी शिव्या देतो, ती हसते
आणि हसता हसता खोकते, तेही चालतं, उलट बरं.
मग उशीवर पालथी. तळहाताची वाटी करून पाठीवर थाप,
खालून वर, बरगडी सोडून.
आयुष्यभर हा हात काहीतरी ठासत, बंद करत आला,
इथे सुटं करायचंय.
गाळ रोज बसतो. रोज काढायचा.
बरं होणार नाही, हे तिला माझ्याआधी कळलं होतं.

परवा विज्ञानाच्या वहीत तिने माणूस काढला,
हृदय उजव्या बाजूला.
लाल पेनाने अर्धा मार्क कापलेला.
"बाईंना सांगितलं नाहीस?"
डब्यात थुंकली, वाकून रंग बघितला. पांढरा.
"सांगान.
आदी डावी बाजू रवली हा, बाबा."